दिवाळीचा रंग : आधी भिंत वाळू द्या, मगच डबा उघडा

बारामती-इंदापूर : दसरा-दिवाळी जवळ आली की घराघरांत रंगाचे डबे येतात. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो, म्हणजे काम निघतं तेव्हाच भिंती ओल्या असतात. घाईत रंग मारला की पोपडे सुटतात आणि पैसे वाया जातात.

ओल कशी ओळखावी?
भिंतीच्या तळाशी हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर थांबा. छत किंवा नळ गळत असेल तर आधी दुरुस्ती करा. नवा गिलावा किमान २८ दिवस तसाच ठेवा.

भिंतीला लोणा आला तर
नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात बऱ्याच जमिनी खारवट आहेत. जमिनीतली ओल भिंतीत चढते, पाणी उडून जातं आणि पांढरा खार वर राहतो. तो पुट्टीखाली झाकू नका. कोरड्या ब्रशने झाडा, सुटलेला रंग खरवडा. भिंत वाळली की प्रायमर, पुट्टी आणि रंगाचे दोन हात द्या. पुट्टी कालवायला बोअरचं खारं पाणी नको. दगड-मातीच्या जुन्या भिंतीला चुनाच बरा, त्यातून ओल बाहेर पडते.

दारं-चौकटी
लाकूड रेषांच्या दिशेनेच घासा. भोकं-भेगांत लांबी भरा, प्रायमर द्या आणि प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा मारा. सागवानाची रेघ दिसायला हवी असेल तर रंगाऐवजी पॉलिश किंवा वॉर्निश करा. जवसाचं तेल लागलेल्या चिंध्यांचा गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

जुना रंग घासताना जपा
जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. ते लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. केंद्राच्या २०१६ च्या नियमानुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका, जाळूनही काढू नका. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, तोंडाला मास्क लावा. लेकरं आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका. काम झालं की फरशी ओल्या फडक्याने पुसा. खरवडलेला रंग गोठ्याकडे किंवा उकिरड्यावर टाकू नका. जनावरांनी चाटला तर त्यांनाही शिशाची विषबाधा होते.

सणाला एखादी खोली बिनरंगाची राहिली तरी चालेल. ओल्या भिंतीवर मात्र ब्रश लावू नका.