थुदासची चळवळ संपली, येशूची का नाही? (धागा)

इ.स. ४४ ते ४६ या काळात यहूदियावर फादस हा रोमन अधिकारी होता. थुदास नावाच्या एकाने लोकांना चीजवस्तू घेऊन यार्देन नदीकाठी बोलावले. आपल्या आज्ञेने नदी दुभंगेल, असे त्याचे वचन होते. फादसने घोडदळ पाठवले. थुदासचे मुंडके यरुशलेमेत आणले गेले आणि चळवळ तिथेच विझली. ही हकिकत यहुदी इतिहासकार जोसेफसची.

त्याआधी साधारण पंधरा वर्षे पिलाताने येशूला क्रुसावर चढवले होते. ही चळवळ मात्र टिकली. श्रद्धावंतांचे उत्तर आहे पुनरुत्थान. चमत्कार सिद्ध करणे वा खोडून काढणे इतिहासाच्या साधनांना शक्य नाही. तो गृहीत न धरता कितपत उलगडा होतो, एवढेच येथे पाहू.

सर्वांत जुना पुरावा शुभवर्तमानांत नाही, पौलाच्या पत्रांत आहे. इ.स. ५४-५५च्या सुमारास करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात येशू कोणाकोणाला दिसला याची यादी येते: पेत्र, बारा जण, पाचशे बंधू, याकोब, आणि शेवटी स्वतः पौल. पौल आपल्या अनुभवासाठी पेत्राच्या अनुभवाचेच क्रियापद वापरतो. रिकाम्या कबरीविषयी त्या यादीत एक अक्षर नाही. इ.स. ७०च्या आसपासच्या मार्ककृत शुभवर्तमानात कबर रिकामी आहे, पण त्याच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांचा शेवट भ्यालेल्या स्त्रियांच्या पळण्याने होतो. भेटींची सविस्तर वर्णने नंतरची.

म्हणजे मुळाशी दर्शने होती, असे मानता येते. मृत आप्त दिसणे ही दुर्मिळ गोष्ट नव्हे; १९७१मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेल्समधील एका पाहणीत जवळजवळ निम्म्या विधवा-विधुरांनी मृत जोडीदाराची जाणीव झाल्याचे सांगितले होते.

पण शोक तर थुदासच्या अनुयायांनाही झाला असेल! केवळ दर्शनावर थांबणारे स्पष्टीकरण मला म्हणूनच अपुरे वाटते. महत्त्वाचा आहे दर्शनाचा लावलेला अर्थ. जगाचा अंत जवळ आला आहे आणि तेव्हा मृत उठतील, ही दानीएलच्या ग्रंथातील अपेक्षा या मंडळींच्या मनात आधीच होती. त्यामुळे दिसलेला येशू त्यांना भूत वाटला नाही. उठणाऱ्यांतला पहिला वाटला. मग यशयाचा त्रेपन्नावा अध्याय नव्याने वाचला गेला आणि मशीहाचा अपमानास्पद मृत्यूच ईश्वरी योजना ठरला. १६६६मध्ये मशीहा म्हणवणाऱ्या शब्बताई झ्वीने इस्लाम स्वीकारला, तेव्हाही काही अनुयायांनी त्या धर्मांतरातच गूढ अर्थ शोधला होता.

प्रसाराची कारणे याहून साधी. पौलाने यहुदीतरांना सुंतेची अट ठेवली नाही. सभास्थानांभोवती वावरणाऱ्या, पण पूर्ण यहुदी न झालेल्या लोकांना दार उघडले. समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांचा हिशेब प्रसिद्ध आहे: इ.स. ४०मध्ये हजार अनुयायी धरले आणि दर दशकाला चाळीस टक्के वाढ मानली, तर इ.स. ३००पर्यंत संख्या साठ लाखांच्या घरात जाते. आरंभीचा आकडा अर्थात अंदाजाचा.

जाता जाता: थुदासचे नाव 'प्रेषितांची कृत्ये' या ख्रिस्ती ग्रंथातही आले आहे. तेथे गमलियेल हा यहुदी पंडित त्याचे उदाहरण देतो, तेही थुदास मारला जाण्याच्या काही वर्षे आधी घडलेल्या प्रसंगात.