पिवळ्या गुलाबाची वाट पाहताना

‘वास्तववादी’ हे विशेषण मराठी समीक्षेत पुष्कळदा ‘जसे दिसले तसे उतरवलेले’ एवढ्याच अर्थाने वापरले जाते. हा अर्थ कितपत पुरेसा आहे, हे तपासायचे तर सतराव्या-अठराव्या शतकांतील डच पुष्पचित्रांकडे पाहावे, असे आम्हांला वाटते.

अँब्रोसियस बॉस्खार्ट (१५७३–१६२१) हा या परंपरेच्या आरंभीचा चित्रकार. हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात त्याचे खिडकीतल्या फुलदाणीचे तैलचित्र आहे. त्यातले प्रत्येक फूल वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळखावे इतके नेमके आहे. कुरतडलेली पानेसुद्धा त्याने सोडलेली नाहीत. तरीही या परंपरेतील असे गुच्छ बहुधा कोणीही, कधीही प्रत्यक्ष पाहिलेले नसत. वसंतातला ट्यूलिप आणि भर उन्हाळ्यातली फुले त्या काळी एका फुलदाणीत ताजी मिळणे कठीण होते. बॉस्खार्ट एकेका फुलाचा स्वतंत्र अभ्यास करून ठेवी आणि चित्रात त्यांची जुळणी करी. त्यामुळे तेच फूल त्याच्या निरनिराळ्या चित्रांत पुन्हा भेटते. फूल खरे, गुच्छ मात्र रचलेला.

सुमारे शतकानंतर यान फान हाउसम (१६८२–१७४९) याने ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. फूल समोर ठेवूनच रंगवायचे, असा त्याचा आग्रह. १७४२ साली त्याने एका पत्रात लिहिले, की पिवळा गुलाब न मिळाल्याने चित्र अपुरे राहिले आहे. म्हणजे पुढच्या बहराची वाट पाहणे आले. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील त्याच्या एका पुष्पचित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन साले आहेत. हे माध्यमही अशा धीराला साजेसे होते. जवसाच्या तेलात घोटलेला रंग सावकाश वाळतो. खालचा थर वाळल्यावर त्यावर पातळ, पारदर्शक लेप द्यायचा, तेव्हा पाकळीला आतून उजळल्यासारखी कांती येते. क्षणभंगुर फुलासाठी इतके संथ माध्यम निवडले जावे, यातला विरोधाभास लक्षणीय आहे.

तरीही या कलेची प्रतिष्ठा मोठी नव्हती. फ्रेंच अकादमीच्या फेलिबियाँने १६६०च्या दशकात चित्रप्रकारांची जी उतरंड मांडली, तिच्यात इतिहासचित्रे वर होती आणि फळाफुलांची चित्रे तळाशी. मोठ्या इतिहासचित्रांसाठी नग्न मानवी देहाचा अभ्यास आवश्यक मानला जाई, आणि तो स्त्रियांना सहसा नाकारलेला होता. फुले मात्र नाकारलेली नव्हती. राखेल राउश (१६६४–१७५०) ही शरीरशास्त्रज्ञ व वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक फ्रेडरिक राउश यांची मुलगी. पित्याच्या संग्रहात तिची नजर तयार झाली. तिने दहा अपत्यांना जन्म दिला आणि १७०८ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या दरबाराची चित्रकार म्हणून नेमणूकही मिळवली. ऐंशी ओलांडल्यावरच्या चित्रांवर ती सहीबरोबर आपले वयही लिहीत असे. तळाच्या मानलेल्या पायरीवर तिने आयुष्यभराचे काम उभे केले, हे त्या उतरंडीला दिलेले उत्तरच होय.

आज या परंपरेतल्या अनेक चित्रांत पाने निळसर दिसतात. ती तशी रंगवलेली नव्हती. निळ्यात मिसळलेला किंवा त्यावर चढवलेला वनस्पतिजन्य पिवळा रंग उजेडाने विटला आणि निळा तेवढा उरला. म्हणजे ‘जसे दिसले तसे’ हा निकष लावायचा, तर आज तो चित्रालाच लागू पडत नाही.

आमच्या मते वास्तववाद म्हणजे एका क्षणाची नक्कल नव्हे. वेगवेगळ्या ऋतूंत निरखलेले तपशील इमानाने सांभाळायचे आणि मग त्यांची रचना करायची, असे ते काम आहे. कादंबरीकारही याहून निराळे काही करत नाही. त्याने पात्रे एकाच दिवशी, एकाच गावात पाहिली होती का, हा प्रश्न म्हणूनच गैरलागू ठरतो. पिवळा गुलाब मिळेपर्यंत तो थांबला होता का, एवढे विचारावे.