एक चुकीचा निर्णय आणि दोन शहरांच्या दोन आठवणी



होळकर आणि शिंदे, इंदूर आणि ग्वाल्हेर ही चढाओढ आपल्या घरांना नवीन नाही. राज्य एकच, पण लग्नाच्या पंगतीत "आमच्या इंदुरात" सुरू झालं की समोरून "आमच्या ग्वाल्हेरात" येणारच. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात अशीच एक जोडी आहे. पूर्वेला सेंट लुईस, पश्चिमेला कॅन्सस सिटी, मधे साधारण ४०० किलोमीटरचा महामार्ग. माझी लेक कॅन्सस सिटीजवळ राहते. तिच्याकडे राहणं झालं तेव्हा माझ्या वयाच्या तिथल्या मंडळींकडून एक गोष्ट इतक्या वेळा ऐकली की आता मलाच तोंडपाठ झाली आहे. ती १९८५ सालच्या बेसबॉल अजिंक्यपदाची.

बेसबॉलमध्ये वर्षाच्या शेवटी दोन लीगचे विजेते आमनेसामने येतात. जास्तीत जास्त सात सामने, जो चार जिंकेल तो अजिंक्य. याला वर्ल्ड सिरीज म्हणतात. १९८५ साली नेमके हे दोन शेजारी समोरासमोर आले: सेंट लुईसचे कार्डिनल्स आणि कॅन्सस सिटीचे रॉयल्स. कार्डिनल्स म्हणजे जुनं, मानाचं घराणं. रॉयल्स संघ १९६९ साली सुरू झालेला, तोवर एकदाही अजिंक्यपद न मिळालेला.

रॉयल्सनी पहिले दोन्ही सामने घरच्या मैदानावर गमावले. पाच सामन्यांनंतर कार्डिनल्स ३-२ असे पुढे होते. २६ ऑक्टोबरला कॅन्सस सिटीत सहावा सामना झाला. नऊ डावांच्या या खेळात आठ डाव संपले तेव्हा कार्डिनल्स १-० ने पुढे. शेवटच्या डावात रॉयल्सचे तीन गडी बाद केले की करंडक सेंट लुईसला.

पहिला फलंदाज होर्हे ऑर्टा. त्यानं मारलेला चेंडू उजवीकडे सरपटत गेला. जॅक क्लार्कनं तो अडवून पहिल्या बेसवर धावत आलेल्या टॉड वॉरेलकडे टाकला. नियम आपल्या धावबादसारखाच समजा: फलंदाजाच्या आधी चेंडू बेसवरच्या खेळाडूच्या हातात आला की तो बाद. चेंडू आधी आला होता. टीव्हीवर पुन्हा दाखवलं तेव्हा सगळ्या देशानं पाहिलं. पण अंपायर डॉन डेंकिंजर यांनी हात पसरले: नाबाद!

आता हे झालं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. पहिल्या बेसचा अंपायर डोळे बेसवर, खेळाडूच्या पायांवर ठेवतो आणि चेंडू हातमोज्यात आल्याचा आवाज कानानं टिपतो. त्या रात्री गर्दीच्या गलक्यात तो आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. वॉरेल चांगला उंच माणूस. त्याचा उंचावलेला हात आणि खालचा पाय एकाच वेळी दिसेनात. डेंकिंजर यांनी पुढं स्वतःच हे सांगितलं.

सेंट लुईसची आठवण इथं थांबते. तिथल्या कुणालाही विचारा, "आमचं अजिंक्यपद एका अंपायरनं नेलं" एवढंच सांगेल. पण खातं इथं बंद होत नाही, पुढच्या नोंदी वाचायला हव्यात.

पुढचा फलंदाज स्टीव्ह बाल्बोनी. त्यानं सीमारेषेबाहेर उंच चेंडू उडवला. बेसबॉलमध्ये तोही झेलता येतो. क्लार्क त्याखाली आला, पण चेंडू कुणाच्याच हाती न लागता जमिनीवर पडला. जीवदान मिळालेल्या बाल्बोनीनं लगेच चांगला फटका मारला. त्यानंतर जो ऑर्टा चुकून नाबाद ठरला होता, तोच तिसऱ्या बेसवर बाद झाला! म्हणजे त्या वादग्रस्त निर्णयाची धाव कधी झालीच नाही. मग कार्डिनल्सचा कॅचर डॅरेल पोर्टर याच्याकडून चेंडू निसटला आणि रॉयल्सचे दोन्ही धावपटू एकेक बेस पुढं सरकले. शेवटी बदली फलंदाज डेन ऑर्ज आला. त्याच्या फटक्यावर दोन धावा झाल्या आणि रॉयल्स २-१ ने जिंकले. हा ऑर्ज १९८२ साली खुद्द कार्डिनल्सकडून अजिंक्यपद जिंकलेला. दैवाचा खेळ बघा!

कॅन्सस सिटीच्या मंडळींची आठवण वेगळी. ते म्हणतात, त्याच सामन्यात चौथ्या डावात आमचा फ्रँक व्हाइट दुसऱ्या बेसवर पोचला होता, तरी दुसऱ्या अंपायरनं बाद दिलं. लगेच पुढच्या फलंदाजाचा फटका बसला, आमची धाव तिथंच झाली असती. त्या निर्णयाबद्दल कुणी बोलतं का? मुद्दा बिनतोड आहे. पण सेंट लुईसमध्ये तो कुणाला आठवत नाही आणि कॅन्सस सिटीत कुणी विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी सातवा सामना. पाळीप्रमाणे मुख्य अंपायर डेंकिंजरच! कार्डिनल्सचं लक्ष खेळावर राहिलंच नाही. पाच डावांत रॉयल्सच्या ११ धावा झाल्या. वाद घातला म्हणून कार्डिनल्सचे मॅनेजर व्हायटी हर्झॉग आणि पिचर वाकीन अँदुहार, दोघांनाही मैदानाबाहेर काढलं गेलं. त्यांचा दुसरा पिचर जॉन ट्युडर यानं रागाच्या भरात विजेच्या पंख्यावर ठोसा मारून हात कापून घेतला. इकडे रॉयल्सचा २१ वर्षांचा ब्रेट सेबरहेगन आदल्याच रात्री बाप झालेला. त्यानं एकही धाव दिली नाही. ११-० आणि रॉयल्सचं पहिलं अजिंक्यपद.

मी बी.कॉम. झालेला, हिशेबावर पोट भरलेला माणूस. सातही सामन्यांची बेरीज केली: रॉयल्स २८ धावा, कार्डिनल्स १३. ज्या संघानं सात सामन्यांत तेरा धावा केल्या, त्याची हार एका नोंदीनं झाली असं कुठला ऑडिटर लिहील? ती नोंद चुकीची होती, यात शंका नाही. पण एका चुकीच्या नोंदीनं अख्खा ताळेबंद तयार होत नाही.

आपणही वेगळे नाही. १९८१ च्या मेलबर्न कसोटीत लिलीच्या चेंडूवर पायचीत दिल्यावर गावसकर चेतन चौहानला घेऊन मैदान सोडायला निघाले, हे घराघरात सांगितलं जातं. त्याच कसोटीत कपिलनं पाच बळी घेतले, ऑस्ट्रेलिया ८३ धावांत गारद झाली आणि आपण ५९ धावांनी जिंकलो, हे किती जण सांगतात? अन्याय लक्षात राहतो, बाकीचा खेळ पुसला जातो.

पण मनाला लागतं ते पुढचंच. डेंकिंजर यांना सामन्यानंतर बेसबॉलचे कमिशनर पीटर युबरॉथ यांच्याकडून कळलं की आपण चुकलो. सेंट लुईसच्या दोन रेडिओ निवेदकांनी त्यांचा फोन नंबर आणि आयोवातला घरचा पत्ता सांगून टाकला. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. खेळ हा खेळ म्हणणाऱ्यांनी एका माणसाच्या बायको-मुलांची झोप उडवली.

आमच्या एका शाखेत एक हेड कॅशियर होते. तीस वर्षं चोख काम. एका गर्दीच्या दिवशी त्यांच्या हातून एक जास्तीचं पेमेंट गेलं. पैसे त्यांनी स्वतः भरले, पण निरोपसमारंभातसुद्धा कुणीतरी हसत तोच किस्सा सांगितला. त्या दिवशीचा त्यांचा चेहरा आठवतो. तीस वर्षांची जमा कुणी वाचलीच नाही.

डेंकिंजर यांनी सबब पुढं केली नाही. "चुकलो" म्हणाले आणि काम करत राहिले. १९९१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सातव्या सामन्याचं मुख्य अंपायरपद पुन्हा त्यांच्याकडेच आलं. १९९८ मध्ये ते निवृत्त झाले. टीव्हीवर पाहून निर्णय बदलता यावा, या मताचे ते होते. ती सोय २००८ मध्ये थोडी आणि २०१४ पासून व्यापक प्रमाणात आली. आज ऑर्टा दोन-चार मिनिटांत बाद ठरला असता. २००५ मध्ये त्याच कार्डिनल्स संघाच्या स्नेहमेळाव्याला डेंकिंजर सेंट लुईसला गेले. ज्या गावानं धमक्या दिल्या, त्या गावात पाहुणा म्हणून बसायला छाती लागते. बोलावणाऱ्यांचंही मन मोठंच म्हणायचं.

मे २०२३ मध्ये, ८६ व्या वर्षी ते गेले. मृत्युलेखांत तीस वर्षांची कारकीर्द होती, चार वर्ल्ड सिरीज होत्या, पण सुरुवात त्या एका निर्णयानंच.

रॉयल्सना पुढचं अजिंक्यपद मिळायला २०१५ उजाडलं. तिथल्या म्हाताऱ्यांना मात्र अजून १९८५ च प्यारं. इंदूर-ग्वाल्हेरकरांनो, तुमच्या मैदानांवरचेही असे निर्णय असतील. जरूर लिहा. फक्त पुढच्या फलंदाजाचं काय झालं, तेही लिहा!