मुंबई कोणी बांधली? संग्रहालय पाहताना विचारायचा प्रश्न

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून रोज पहाटेपासून लोकल भरून माणसे मुंबई चालवायला जातात. त्याच लोकलने एखाद्या रविवारी भायखळ्याला उतरा आणि राणीच्या बागेशेजारचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय मुलांना दाखवा. ही इमारत १८७२ साली व्हिक्टोरिया राणी आणि तिचा नवरा अल्बर्ट यांच्या नावाने खुली झाली. आजचे नाव १९७५ चे. बेटांचे शहर कसे झाले ते इथे नकाशे, प्रतिकृती आणि मातीच्या बाहुल्यांतून दिसते. जातीजातींचे पेहराव आणि धंदे त्या बाहुल्यांत आहेत.

पण बाहुली फक्त कोण काय काम करत होता एवढेच सांगते. कोणाला कुठले काम करू दिले जात नव्हते, हे तिच्यातून कळत नाही. मुंबईचा अर्धा इतिहास तिथेच दडला आहे.

गिरणीचेच पाहा. साचाखात्यात, म्हणजे विणाईत, पगार चांगला. तिथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार! म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या रिंगखात्यात. यंत्र विलायती, भांडवल शेठजींचे, बावटा लाल. विटाळ मात्र मनूचाच.

१९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला. बाबासाहेबांनी तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांपुढे मागणी ठेवली की सर्व खाती अस्पृश्यांना खुली करा. कामगाराला जात नसते म्हणणाऱ्यांनी या मागणीचे उत्तर आजही द्यावे. जात नव्हती, तर ही मागणी करावीच का लागली?

शहराच्या इतिहासाच्या प्रत्येक दालनात एक धोटा असला पाहिजे आणि त्याखाली हे कारण स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

तोवर आपले काम आपण करू. गिरण्या बंद पडल्यावर अनेक कुटुंबे स्वस्त घरासाठी आपल्याच पट्ट्यात आली. अशा एखाद्या आजोबांना सोबत घेऊन जा. त्यांना विचारा, ‘तुम्ही कुठल्या खात्यात होता? आणि का?’ ते काय सांगतात ते वहीत उतरवून ठेवा. ती वहीसुद्धा मुंबईचे संग्रहालयच आहे.

जय भीम!