फौजेच्या मागून आलेले कारभारी

केम हे करमाळा तालुक्यातील गाव, कुंकवासाठी दूरवर ओळखले जाणारे. गावाला रेल्वे स्टेशन आहे. पूर्वेला पायी दिवसभराच्या अंतरावर परांड्याचा मुलूख लागतो. आमची जुनी माणसे त्याला शेवटपर्यंत ‘मोगलाई’ म्हणत. 1948 पर्यंत तिकडे निजामाचे राज्य आणि इकडे खालसा मुलूख अशी ती सीमा होती. सोयरिकींना मात्र ही सीमा माहीत नव्हती. माझ्या आजीची थोरली बहीण तिकडच्याच एका गावी दिलेली होती.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. मुख्य चढाई सोलापूरहून नळदुर्गच्या रस्त्याने झाली. 17 तारखेला निजामाने माघार घेतली. दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. शाळेच्या पुस्तकात धडा इथे संपतो. खरा प्रश्न इथे सुरू होतो. राजा हरला, आता सकाळी कचेरी कोण उघडणार? धान्य, सारा, तुरुंग, दवाखाना कोण बघणार? मुख्य म्हणजे, गरिबाचा अर्ज कोण वाचणार?

दुसऱ्या महायुद्धात या कामाचे एक शास्त्रच झाले. अमेरिकेने 1942 साली शार्लट्सव्हिल येथे लष्करी प्रशासनाची शाळा काढली. जुलै 1943 मध्ये दोस्तांच्या फौजा सिसिलीत उतरल्या, तेव्हा त्यांच्यामागून मुलकी कामाची पथके उतरली. त्यांत कायदा, पैसा, अन्नपुरवठा, आरोग्य, पोलीस अशा एकेका विषयाचे जाणकार असत. हेतू दयेचा नव्हता. रस्ते मोकळे राहावेत, साथी पसरू नयेत, भुकेलेल्या लोकांनी फौजेच्या पाठीमागे दंगा करू नये, हा हिशेब होता. माणसे थोडी आणि मुलूख मोठा, म्हणून पथके गावातल्या वजनदार माणसाला हाताशी धरीत. व्हिल्लाल्बा गावात कालोजेरो विझिनी हा माफियाचा म्होरक्याच नगराध्यक्ष होऊन बसला! परक्या फौजेला गावातला सज्जन कोण हे कळत नाही. पुढे येऊन बोलतो कोण, एवढेच तिला दिसते.

हैदराबादेतही याच रीतीने काम झाले. मुंबई, मद्रास, मध्य प्रांत या शेजारच्या प्रांतांतील मुलकी अधिकारी फौजेपाठोपाठ जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. चौधुरी लष्करी गव्हर्नर झाले. मुंबईकडचे आयसीएस अधिकारी द. शं. बखले मुख्य मुलकी प्रशासक झाले. ही व्यवस्था 1949 अखेरपर्यंत चालली. तिच्याच काळात 1949 साली जहागिरी रद्द झाल्या, हे तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु वर माणसे बदलली तरी खाली कोण राहिले? पाटील आणि पटवारी तेच राहिले. वरच्या दप्तराची भाषा उर्दू आणि नवा साहेब परप्रांतातला. कोणत्या गटात कोणाची वहिवाट, कोण रझाकारांचा, कोण देशभक्त, हे त्याला गावच सांगणार. आणि ‘गाव’ म्हणजे कोण? ज्याला लिहिता येते तो. ज्याच्या ओसरीवर साहेब टेकतो तो. महारवाडा गावात कधी मोजलाच जात नव्हता.

निजामाच्या मंत्रिमंडळात दलित पुढारी बी. एस. व्यंकटराव मंत्री होते, ही गोष्ट खरी. पण त्याआधीच, नोव्हेंबर 1947 मध्ये, बाबासाहेबांनी हैदराबादेतील अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका असे जाहीरपणे बजावले होते, हीही गोष्ट तितकीच खरी. गावाने पहिली गोष्ट लक्षात ठेवली आणि दुसरी सोयीने विसरली. आजीची बहीण त्या पावसाळ्याच्या शेवटी पोरे घेऊन केमला आली. ‘तुम्ही निजामाचे’ असे म्हणून गावाने त्यांचा गायरानातला तुकडा काढून घेतला होता. पेरलेली ज्वारी कोणी कापली हे तिला ठाऊक होते. तक्रार कुठे करायची हे ठाऊक नव्हते. तक्रार लिहायला पुन्हा पटवाऱ्याकडेच जायचे होते.

याहून भीषण हाल मुसलमान शेजाऱ्यांचे झाले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, होते. तो अहवाल 2013 पर्यंत लोकांसमोर आला नाही. रझाकारांचे अत्याचार खोटे नव्हते. पण सूड उगवला गेला तो बहुतेक निरपराधांवर, आणि प्रशासन आलेले असतानाही काही ठिकाणी तो थांबला नाही. दलितांनी हे दुःख परके मानू नये. ‘देशद्रोही’ हा शिक्का एकदा गावाच्या हाती आला की तो कोणाच्या कपाळी मारायचा हे गावच ठरवते.

म्हणून 1950 साली औरंगाबादेत बाबासाहेबांनी महाविद्यालय उघडले, त्याकडे मी केवळ शिक्षणसंस्था म्हणून पाहत नाही. आपला अर्ज आपण लिहावा, दप्तर आपण वाचावे, याची ती सुरुवात होती. 1953 साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने मराठवाड्यात पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केला, तेव्हा अर्जाला माणसांचे बळ मिळाले.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वर्गात पोलीस ॲक्शन शिकवताना मुलांना एक काम देतो. घरी जा, म्हाताऱ्या माणसांना विचारा, फौज गेल्यावर गावात कोणाचे काय गेले. मुले वह्या भरून आणतात. राज्ये येतील, जातील. त्यांच्या मागून कारभारीही येतील. पुढच्या वेळी ते गावाला विचारतील तेव्हा उत्तर देणाऱ्यांत आपला माणूस असला पाहिजे, आणि त्याच्या हातात कागद असला पाहिजे.