भरतपूरचा घना : शिकारीसाठी राखलेले पाणी

भरतपूरचे नाव मराठी वाचकाला प्रथम भेटते ते इतिहासाच्या पुस्तकात. 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचे पुत्र आणि अहिल्याबाईंचे पती खंडेराव तोफेच्या गोळ्याला बळी पडले, तो किल्ला भरतपूरच्या जाटांचा. त्या वेढ्यात मराठ्यांशी झुंजलेल्या सूरजमलनेच सात वर्षांनी पानिपतावरून हाल सोशीत परतणाऱ्या मराठ्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. पुढे 1805 मध्ये यशवंतराव होळकरांना भरतपूरने आश्रय दिला, तेव्हा लॉर्ड लेकने एकामागून एक चार हल्ले चढवूनही तेथील किल्ला त्याच्या हाती लागला नाही. त्या किल्ल्याचा तट मातीचा होता आणि तोफेचे गोळे तो नुसते गिळून टाकत असे.

भरतपूरच्या मातीने आणखी एक काम केले आहे. इतिहासकारांचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. सूरजमलच्या काळात शहराजवळ अजान बांध घातला गेला. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराचे पाणी या सखल प्रदेशात शिरे. ते अडवावे, शहर वाचावे आणि शेतीलाही पाणी मिळावे, हा हेतू. बांधापलीकडे केवलदेवाचे, म्हणजे महादेवाचे, एक लहानसे देऊळ आणि त्याभोवती कळंब, जांभूळ, बाभळीची दाट झाडी. दाट म्हणून तिचे नाव ‘घना’. या खोलगट भागात पावसाळ्यात पाणी साचे, उन्हाळ्यात आटे. आसपासच्या गावांची गुरे तेथे चरत आणि राजघराण्यातली मंडळी शिकार करीत. एवढ्यावर थांबले असते, तर घन्याचे नाव जिल्ह्याबाहेर कोणी घेतले नसते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोरवीच्या राजघराण्यातले हरभामजी भरतपूरचा कारभार पाहत होते. इंग्लंडमधील पाणपक्ष्यांच्या शिकारीची पद्धत त्यांना ठाऊक होती. त्यांच्या मनात आले, की हे आपोआप साचणारे पाणी आपण हवे तेव्हा आणि हवे तेवढे साचवू शकलो तर? मग अजान बांधातून कालवा काढण्यात आला. खोलगट जमिनीचे लहान बांधांनी तुकडे पाडण्यात आले आणि प्रत्येक तुकड्याला पाणी सोडण्या-अडवण्यासाठी दारे बसवली गेली. कोठे गुडघाभर पाणी, कोठे कमरेइतके, तर कोठे नुसता ओलावा राखणे त्यामुळे शक्य झाले. पाण्यात मान बुडवून चरणाऱ्या बदकांना उथळ पाणी लागते, तर बुडी मारणाऱ्यांना खोल. ही समज शिकाऱ्याची खरी, पण ती शेतकऱ्याच्या समजेपासून फार दूर नाही. पुढे पाणथळीत मातीचे उंचवटे रचून त्यांवर बाभळी लावण्यात आल्या. पावसाळ्यात या झाडांभोवती पाणी पसरले, की मांजरी-कोल्ह्यांना घरट्यांपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून चित्रबलाक, उघड्या चोचीचे करकोचे, बगळे आणि पाणकावळे यांनी त्यांवर वस्ती केली. बांधाच्या पाण्याबरोबर माशांची असंख्य पिल्ले आत वाहत येत आणि घरट्यांतल्या पिलांची भूक भागवीत. सारे क्षेत्र अवघे 29 चौरस किलोमीटरचे, आणि त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा पाणथळ.

हा खटाटोप कशासाठी होता, ते केवलदेवाच्या देवळाजवळ दगडात कोरून ठेवले आहे. शिकारीचा दिवस, पाहुण्याचे नाव आणि मारलेल्या पक्ष्यांची संख्या, असा तो जमाखर्च आहे. 1902 च्या डिसेंबरात लॉर्ड कर्झनच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत 540 पक्षी पडले. 12 नोव्हेंबर 1938 रोजी लॉर्ड लिनलिथगोच्या वेळी हा आकडा 4273 वर गेला, तोही एका दिवसात. आज तो दगड वाचताना अंगावर काटा येतो. परंतु ज्या पाण्यावर एवढे पक्षी उतरत, ते पाणी या शिकारीसाठीच जपले गेले होते, हेही नाकारता येत नाही. संस्थानिकाचा शौक नसता, तर ही सारी जमीन केव्हाच नांगराखाली गेली असती.

तसा प्रसंग स्वातंत्र्यानंतर आलाही. घन्याचे पाणी आणि जमीन शेतीसाठी मोकळी करावी, अशी मागणी जोर धरू लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सालिम अली यांनी पंडित नेहरूंपर्यंत शब्द टाकला आणि घना वाचला. शेवटची मोठी शिकार 1964 मध्ये झाली. राजघराण्याचा शिकारीचा हक्क मात्र 1972 पर्यंत टिकून होता. शिकारीचे दिवस असे सरत असताना सोसायटीचे अभ्यासक येथेच पक्षी पकडून, त्यांच्या पायांत कडी अडकवून पुन्हा सोडून देत होते.

खरी कसोटी यानंतरची आहे. पाणथळीभोवती भिंत उभी राहिली. राष्ट्रीय उद्यान म्हणून 1982 मध्ये गुरेचराई एकाएकी बंद करण्यात आली. घसोला, अघापूर यांसारख्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यात उतरत आल्या होत्या. बंदीला विरोध झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि गावकरी मृत्युमुखी पडले. पक्ष्यांच्या नोंदीचा दगड आहे. या माणसांच्या नावाचा दगड मात्र तेथे नाही.

बंदी घालणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. गुरे गेली, की निसर्ग आपोआप सावरेल, अशी त्यांची श्रद्धा होती आणि सालिम अलींसारखे थोर पक्षिशास्त्रज्ञही याच मताचे होते. घडले ते उलटे. पाण्यात वाढणारे पॅस्पॅलम नावाचे गवत म्हशी खात, तोपर्यंत आटोक्यात होते. आता ते माजले आणि उघडे पाणी झाकू लागले. बदकांना पोहायला आणि माशांना फिरायला जागा उरेना. सालिम अलींच्याच सोसायटीने व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली दहा वर्षे अभ्यास केला आणि या पाणथळीला म्हशींची गरज आहे, असा निष्कर्ष काढला. ज्या संस्थेतून बंदीला पाठबळ मिळाले, तिनेच विरुद्ध निष्कर्ष प्रसिद्ध करावा, ही विज्ञानाची प्रतिष्ठा होय. मेलेली माणसे मात्र परत आली नाहीत. पुढे ठरावीक काळात गवत कापून नेण्याची परवानगी गावकऱ्यांना देण्यात आली. म्हैस करीत असे ते काम आता विळा करू लागला.

हिवाळ्यात सायबेरियातून येणारे पांढरे क्रौंच 2002 नंतर भरतपूरला दिसले नाहीत. त्याचा दोष एकट्या चराईबंदीला देता येणार नाही. त्यांच्या लांबच्या प्रवासातही शिकारी टपून बसलेले असत. तरी मोथ्यासारख्या वनस्पतींचे कंद उकरून खाणाऱ्या या पक्ष्याला दाट गवताचा तळ सोयीचा नव्हता, हेही तितकेच खरे.

यानंतर पाण्याचाच प्रश्न उभा राहिला. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले. 2004 च्या सुमारास ते पाणी भरतपूरला सोडावे की नाही, यावरून तेथील शेतकऱ्यांनी आंदोलन केले. पाऊसही रुसलेला होता. घना कोरडा पडला आणि घरटी बांधणारे करकोचे दुसरीकडे गेले. सूरजमलचा बांध, हरभामजींचे कालवे आणि बसवलेली दारे जागच्या जागी होती. वरून पाणी मात्र येत नव्हते. पुढे गोवर्धन नाल्याचे आणि चंबळेचे पाणी नळांतून आणून गरज भागवण्यात आली. राजाच्या मर्जीने चालणारी व्यवस्था आता जिल्ह्याजिल्ह्यांतील वाटाघाटींवर चालते. ती सावकाश चालते, पण तिला दुसरा इलाज नाही.

कोरड्या जमिनीवर विलायती बाभूळ फोफावली. आपल्याकडे हिला वेडी बाभूळ म्हणतात. तोडली, तर ती बुंध्यापासून पुन्हा फुटते; म्हणून ती मुळासकट उपटावी लागते. 2007 पासून हे काम आसपासच्या गावांतील कुटुंबांकडे सोपवण्यात आले. बाभूळ खणून काढायची आणि लाकूड घरी न्यायचे, असा करार होता. ज्या गावांच्या म्हशींना भिंतीबाहेर काढले होते, त्याच गावांतले लोक कुदळी घेऊन पुन्हा घन्यात शिरले.