बंदुकीसाठी राखलेले पाणी : भरतपूरच्या पाणथळीचा इतिहास

१/ १२ नोव्हेंबर १९३८. भरतपूर संस्थानातील एका पाणथळीवर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ बदकांची शिकार झाली. दिवसअखेर मारलेले पक्षी मोजले गेले : ४,२७३. आज हीच जागा केवलादेव राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखली जाते आणि ती जागतिक वारसास्थळ आहे. शिकारखान्याचे अभयारण्य कसे झाले आणि त्या प्रवासात कोण मागे राहिले, याविषयीचा हा धागा.

२/ ही पाणथळ मुळात मनुष्यनिर्मित आहे. पानिपतानंतर परतणाऱ्या मराठ्यांना आसरा देणारा राजा सूरजमल मराठी वाचकांना परिचित आहे. त्याच्याच काळात, अठराव्या शतकात, गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पुराचे पाणी अडवणारा अजान बांध उभा राहिला. त्यामुळे शहरालगतच्या सखल भागात पाणी साचू लागले. भागाच्या मध्याशी केवलादेवाचे, म्हणजे शंकराचे, मंदिर आणि भोवती दाट झाडी. म्हणून नाव पडले ‘केवलादेव घना’.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या नैसर्गिक खोलगटाला नवे रूप मिळाले. मोरवीच्या राजघराण्यातील हरभामजी तेव्हा भरतपूरचा कारभार पाहत होते. त्यांच्या पुढाकाराने कालवे, छोटे बांध आणि मोऱ्या यांचे जाळे विणले गेले. पावसाळ्यानंतर अजान बांधाचे पाणी हवे तेव्हा, हवे तितके आत सोडता येऊ लागले. हेतू एकच : हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके येथे उतरावीत आणि बंदुकीच्या टप्प्यात यावीत.

४/ १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितीत पहिली मोठी औपचारिक शिकार झाली. पुढे ही प्रथाच पडली. मंदिराजवळच्या शिलाफलकांवर या शिकारींचा हिशेब कोरलेला आहे : तारीख, प्रमुख पाहुणा, बंदुकांची संख्या, मारलेले पक्षी. संस्थानिकासाठी हा केवळ छंद नव्हता. व्हाइसरॉयला दिलेली मेजवानी, खेळवलेली शिकार आणि त्यातून जुळलेला स्नेह हे त्या काळच्या राजकारणाचे चलन होते.

५/ एक विरोधाभास येथे ध्यानात घ्यावा. एका दिवसात हजारो पक्षी मारले जात, तरी पुढच्या हिवाळ्यात थवे पुन्हा उतरत. कारण शिकारीसाठीच का होईना, पाणी वेळेवर सोडले जाई आणि अधिवास टिकवला जाई. शिकारीचे समर्थक जगभर हाच युक्तिवाद करत आले आहेत : शिकारी आपली शिकार जपतो. भरतपूरने त्या युक्तिवादाची ताकद दाखवली; त्याची मर्यादाही दाखवली, कारण हे जपणे राजाच्या मर्जीवर उभे होते.

६/ संरक्षणाची बाजू मांडणारेही बंदुकीला परके नव्हते. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांत शिकारी बरेच होते. डॉ. सालिम अली यांचा पक्षिविद्येतील प्रवेशही बालपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीतून झाला. तिची ओळख पटवण्यासाठी ते सोसायटीत गेले आणि तेथेच त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

७/ स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले. ‘राजाच्या चैनीचे पाणी काढून टाका, जमीन शेतीला द्या’ ही स्थानिक शेतकऱ्यांची मागणी पुढे आली. अन्नटंचाईच्या त्या काळात ती अवाजवी म्हणता येणार नाही. सालिम अलींनी पाणथळ वाचवण्यासाठी प्रयत्न केले आणि प्रश्न पंतप्रधान नेहरूंपर्यंत पोहोचला. १९५६ मध्ये घना पक्षी अभयारण्य घोषित झाले. मात्र माजी महाराजांचा शिकारीचा हक्क कायम राहिला.

८/ त्यानंतरची काही वर्षे विलक्षण होती. एकाच पाण्यावर शास्त्रज्ञ स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांचे मार्ग शोधत होते आणि राजाचे पाहुणे त्याच पक्ष्यांवर नेम धरत होते. येथे कडी घातलेले पक्षी पुढे सोव्हिएत संघाच्या दूरच्या प्रदेशांत सापडले. शेवटची मोठी शिकार १९६० च्या दशकाच्या मध्यात झाली. १९७२ मध्ये महाराजांचा हक्कही संपला. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला.

९/ गोष्ट येथे संपली असती, तर ती संरक्षणाच्या विजयाची ठरली असती. पण आसपासच्या गावांची गुरे आणि म्हशी पिढ्यान्‌पिढ्या घनामध्ये चरत होत्या. म्हशींमुळे अधिवासाची हानी होते, असे मत तेव्हा प्रबळ होते. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळताच १९८२ मध्ये चराई बंद झाली. पर्यायी चाऱ्याची पुरेशी सोय नव्हती. संघर्ष पेटला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकरी मृत्युमुखी पडले.

१०/ निसर्गाचे उत्तर काही वर्षांतच आले. सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात येथे दीर्घकाळ अभ्यास केला होता. त्यातून दिसले, की म्हशी हटल्यावर पास्पालम जातीचे गवत बेसुमार वाढले आणि उघडे पाणी व्यापू लागले. बदकांना आणि इतर पाणपक्ष्यांना हवे असलेले मोकळे, उथळ पाणी आक्रसले. म्हशी त्या व्यवस्थेचा भागच होत्या. पुढे गावकऱ्यांना परवान्यावर गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली.

११/ दूरचे निर्णयही येथे येऊन भिडले. सैबेरियन क्रौंच १९६४-६५ च्या हिवाळ्यात येथे सुमारे २०० होते. २००२ नंतर ते आलेच नाहीत. स्थलांतराच्या मार्गावरील शिकार हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. गंभीर नदीवरील पांचना धरणाच्या पाण्यावर वरच्या भागातील शेतकऱ्यांनी हक्क सांगितला, तेव्हा उद्यान कोरडे पडण्याची वेळ आली.

१२/ ‘शिकार की संरक्षण’ या वादात भरतपूरचे उदाहरण दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने देतात. पण शिलाफलकांवर पाहुण्यांची नावे आहेत, मोऱ्या राखणाऱ्यांची नाहीत. १९८२ चा निर्णयही गुराख्यांना न विचारताच झाला. राजाने पाणथळ आपली मानली, पुढे शासनाने ती निव्वळ निसर्गाची मानली. प्रत्यक्षात ती पाणी, पक्षी, म्हशी आणि माणसे यांच्या रोजच्या व्यवहारातून घडलेली होती. तो व्यवहार समजून न घेता केलेले संरक्षण किती महाग पडते, याची नोंद मात्र तेथील कोणत्याही शिळेवर कोरलेली नाही.